क्षेत्ररक्षणाचा अंक लौकिकावर ठरू नये

महोदय,

बैठ्या खेळांवरील आपल्या लेखात ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या कार्डे व फाशांनी खेळायच्या अमेरिकी बेसबॉल खेळाचा ओझरता उल्लेख आहे, त्या अनुषंगाने हे पत्र. हॅल रिचमन यांनी 1961 साली बाजारात आणलेल्या या खेळात प्रत्येक खऱ्या खेळाडूचे त्याच्या हंगामातील नोंदींवरून बनवलेले कार्ड असते; एक फासा कार्डावरचा रकाना ठरवतो, दोन फाशांची बेरीज ओळ ठरवते आणि एकूण 216 शक्यतांपैकी निम्म्या फलंदाजाच्या, तर निम्म्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) कार्डावर पडतात. फलंदाजीच्या नोंदी चोख असल्याने ती कार्डे सहसा खरी उतरतात. घोडे अडते ते क्षेत्ररक्षणाशी.

खेळाडूची चेंडूपर्यंत पोहोचण्याची कुवत येथे 1 (सर्वोत्तम) ते 5 अशा अंकाने दाखवतात आणि चुकांचा आकडा वेगळा असतो. म्हणूनच पहिला अंक ठरवताना चुका पुन्हा मोजणे किंवा पुरस्कारांकडे पाहणे मला सर्वथा गैर वाटते. जो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावावर चूकही लागत नाही. शॉर्टस्टॉप डेरेक जीटर यांना उत्तम क्षेत्ररक्षणाचे पाच ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार मिळाले, तरी त्यांचा आवाका तोकडा असल्याचे बहुतेक आधुनिक मोजमापे सांगतात. राफाएल पाल्मेरो यांना तर 1999 मध्ये पहिल्या बेसवर अवघे 28 सामने खेळूनही हा पुरस्कार मिळाला!

2015 पासून मेजर लीग या अमेरिकेतील अव्वल बेसबॉल स्पर्धेच्या सर्व मैदानांवर चेंडू व खेळाडूंच्या हालचाली टिपणारी ‘स्टॅटकास्ट’ यंत्रणा आहे. क्षेत्ररक्षकाला किती अंतर किती वेळात कापायचे होते, हे तीवरून कळते, तेव्हा त्यानंतरच्या हंगामांसाठी अंदाजाला फारशी जागा उरू नये. जुन्या हंगामांसाठी डावांच्या प्रमाणात टिपलेले बळी पाहावेत, मात्र संघाचे पिचर जमिनीलगतचे फटके अधिक देत होते का आणि त्या पिचरांत डावखुरे किती होते, याची वजावट केल्याशिवाय नव्हे.

मोजक्या संधींत चमकलेल्या फलंदाजाचे कार्डही सरासरीकडे ओढून घ्यावे, नाहीतर त्याच्या वापरावर मर्यादा घालावी. अन्यथा हा खेळ खेळणारे जाणकार त्यालाच हंगामभर खेळवतात.

घरच्या घरी कार्डे तयार करणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक अंकासोबत तो कोणत्या नोंदींवरून ठरवला, हेही लिहून ठेवावे, म्हणजे इतरांना तो तपासता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)