टॅब घेण्याआधी त्याची चपळाई मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की आपल्या दैनिकात टॅबलेटच्या पानभर जाहिराती सुरू होतात. चाकरमानी गावी येतात आणि त्याच दिवसांत चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीच्या दुकानांत मुलांसाठी टॅबची खरेदी होते. जाहिरातीत इंच असतात, रॅम असते, बॅटरी असते, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेलही असतात (टॅबने फोटो कोण काढतो, देव जाणे). बोट लावल्यापासून स्क्रीन हलायला किती वेळ लागतो, हा आकडा मात्र कुठेच नसतो. वर्षभराने घरोघरी तक्रार असते ती नेमकी याचीच: टॅब हँग मारतो. हा वेळ दुकानात उभ्या उभ्या मोजता येतो. त्याला एक पट्टी आणि आपला मोबाइल पुरतो.

आधी दोन्ही टॅब एका पातळीवर आणावेत, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. काउंटरवरचा डेमो पीस पुष्कळदा 8 जीबी रॅमचा असतो आणि आपल्याला मिळणारा त्याच नावाचा, पण 4 जीबीचा. तेव्हा सेटिंग्जमध्ये ‘टॅबलेटविषयी’ उघडून रॅम आणि स्टोरेज स्वतः वाचावे. बॅटरी सेव्हर बंद करावा, कारण तो प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि काही टॅबांत 120 हर्ट्झची (सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारी) स्क्रीन 60 वर आणतो. नंतर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा मेनू उघडतो. त्यात अ‍ॅनिमेशनची तीन मापे असतात. ती तिन्ही 1 वर हवीत. कोणी 0.5 करून ठेवली असतील तर खिडक्या झटपट उघडतात आणि टॅब आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो. शेवटी एअरप्लेन मोड लावावा. आपल्याकडे घाटात, खाडीकाठी आणि डोंगराआडच्या वाड्यांत नेटची जी रड आहे, तिचा राग बिचाऱ्या टॅबवर निघतो. नेट बंद ठेवूनही जो अडखळतो, त्यालाच दोष द्यावा.

पहिली चाचणी पट्टीची. कुठलेही चित्र काढायचे किंवा नोट्सचे अ‍ॅप उघडावे. 10 ते 11 इंची टॅब आडवा धरला तर स्क्रीनची रुंदी 20 सेंटीमीटरच्या थोडी वर भरते. डावीकडून उजवीकडे साधारण एका सेकंदात 20 सेंटीमीटर बोट ओढावे आणि सोबत्याला वरून व्हिडिओ घ्यायला सांगावे. व्हिडिओ मध्येच थांबवला की बोटाचे टोक आणि रेघेचे टोक यांत अंतर दिसते. ते 2 सेंटीमीटर असेल तर रेघ 100 मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) मागे आहे, 1 सेंटीमीटर असेल तर 50. एका सेकंदाचा अंदाज चुकतोच, म्हणून दोन टॅब एकाखाली एक ठेवून दोन्ही हातांची बोटे एकाच वेळी सारखी ओढावीत. कुठली रेघ जास्त रेंगाळते, हे तिथल्या तिथे कळते.

यात एक खोच आहे. पेनच्या काही अ‍ॅपमध्ये बोट पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधून रेघ आधीच ओढलेली असते, त्यामुळे सरळ रेघेत उशीर झाकला जातो. म्हणून करवतीच्या दात्यांसारखी वेडीवाकडी रेघ पटापट काढून बघावी. अंदाजाने काढलेली रेघ वळणावर पुढे निसटते आणि लगेच मागे येते.

दुसरी चाचणी स्लो मोशनची, आणि ती जास्त अचूक. मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 240 फ्रेमचे स्लो मोशन असेल तर प्रत्येक फ्रेम 4.2 मिलिसेकंदांची होते. 960 फ्रेमच्या मोडवर भरवसा ठेवू नये, कारण काही मोबाइलमध्ये त्यातल्या मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने भरलेल्या असतात. टॅबवर कीबोर्ड उघडून एक अक्षर टिपावे आणि बोट काचेला टेकले ती फ्रेम व कळेचा रंग बदलला ती फ्रेम, या दोहोंतल्या फ्रेम मोजाव्यात. 20 भरल्या तर 83 मिलिसेकंद. घरच्या संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये इंग्रजी ‘ई’ची कळ दाबत गेले की व्हिडिओ एकेक फ्रेम सरकतो. पाच टिचक्या घ्याव्यात, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडून उरलेल्या तिन्हींची सरासरी धरावी. टिचकीगणिक तीन-चार फ्रेमचा फरक पडतो, त्याने गोंधळू नये. 60 हर्ट्झची स्क्रीन दर 16.7 मिलिसेकंदांनी बदलते आणि आपले बोट त्या चक्रात कधीही पडू शकते. अ‍ॅपच्या चिन्हावर किंवा बटणावर टिचकी मारून मात्र मोजू नये. बहुतेक बटणे बोट टेकल्यावर नव्हे, उचलल्यावर काम करतात. तसे मोजले तर टॅबच्या उशिरात आपल्या बोटाचा उशीर मिसळतो.

किती आकडा चांगला? मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने 2012 मध्ये 100 मिलिसेकंदांपासून 1 मिलिसेकंदापर्यंतचा उशीर शेजारी शेजारी दाखवणारे प्रात्यक्षिक केले होते. 100 ला बोटाखालचा चौकोन मागे फरपटत येतो, ते कोणाच्याही डोळ्यांना दिसते. अ‍ॅपलने 2019 मध्ये आपल्या पेन्सिलचा उशीर 20 वरून 9 मिलिसेकंदांवर आणल्याचे जाहीर केले, पण ते महागड्या टॅबचे पेन. आपल्या खिशाला परवडणाऱ्या टॅबने बोटाला 100 च्या आत दाद दिली तर वाचायला, लिहायला तो चालेल. 130 च्या पुढे गेला तर त्यावर मराठी टाइप करताना कळ दाबली की नाही अशी शंका येऊन माणूस ती पुन्हा दाबतो, आणि ‘मम’ उमटते.

खोक्यावरचे हर्ट्झ पूर्ण खरे नसतात, पूर्ण खोटेही नसतात. चित्र तयार झाल्यावर सहसा दोन-तीन फ्रेम रांगेत थांबते. 60 हर्ट्झवर या रांगेतच 30 ते 50 मिलिसेकंद जातात, 120 वर तेच निम्मे होतात. पण प्रोसेसर दुबळा असेल तर तो 8.3 मिलिसेकंदांत एक फ्रेम पुरी करू शकत नाही आणि 120 ची पाटी नावालाच राहते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘शो रिफ्रेश रेट’ चालू केले की कोपऱ्यात आकडा दिसतो. पीडीएफ वर-खाली सरकवताना तो 60 वर येऊन बसतो का, ते बघावे. तिथेच ‘प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग’ असते. ते लावले की सरकवताना स्क्रीनच्या तळाशी रंगीत खांब उगवतात आणि एक आडवी हिरवी रेघ दिसते. एकेक खांब म्हणजे एकेक फ्रेम तयार करायला लागलेला वेळ. 60 हर्ट्झवर ती रेघ म्हणजे 16.7 मिलिसेकंद. अधूनमधून एखादा खांब वर गेला तर चालते, पण खांबांचे रानच रेघेवर माजले तर तो टॅब सोडून द्यावा. ‘240 हर्ट्झ टच सॅम्पलिंग’ (काच सेकंदाला किती वेळा बोट तपासते) या पाटीचे मात्र फार मनावर घेऊ नये. 120 वरून 240 वर गेल्याने फार तर 4 मिलिसेकंद वाचतात. आयपॅडमध्ये हे मेनू नाहीत, तिथे पट्टी आणि स्लो मोशन याच चाचण्या.

बेंचमार्कच्या (वेगाची परीक्षा घेऊन गुण देणाऱ्या चाचणीच्या) गुणांवर तर टॅब घेऊच नये. ते गुण प्रोसेसर किती गणिते करतो ते सांगतात, बोटाला किती लवकर दाद देतो ते नाही. शिवाय त्यांतही खोट निघते. 2022 मध्ये गीकबेंच या बेंचमार्कने सॅमसंगचे एस10 ते एस22 या मालिकांतले फोन यादीतून काढले होते, कारण इतर अ‍ॅपचा वेग सॉफ्टवेअर दाबत होते आणि चाचणीचा सोडत होते.

आता मुख्य दुखणे. नवा टॅब दुकानात पळतो आणि सहा महिन्यांनी रखडतो, त्याचे कारण बहुधा स्टोरेज. स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी जातीची मेमरी असते. ती एका वेळी वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करू शकत नाही. यूएफएस मेमरी दोन्ही एकदम करते. खोक्यावर नुसते ‘64 जीबी’ छापतात, जात छापत नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावरही लिहिली नसेल तर ईएमएमसी धरून चालावे. तपासायला पेन ड्राइव्हवर 2-3 जीबीचा व्हिडिओ न्यावा, टॅबवर कॉपी करायला लावावा आणि त्याच वेळी नोट्समध्ये मराठी मजकूर टाइप करावा. अक्षरे दोन-तीन सेकंद थबकून मग एकदम भसाभस आली, की समजावे. प्ले स्टोअर पाठीमागे अ‍ॅप अपडेट करताना घरी हेच होते. स्टोरेज काठोकाठ भरले की आणखी वाईट, म्हणून निदान 15 टक्के जागा रिकामी राहील एवढे मोठे स्टोरेज घ्यावे. ‘4 अधिक 4 जीबी रॅम’ या जाहिरातीतले दुसरे 4 याच स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. ईएमएमसीवर हा उसनवार महागात पडतो.

खरी रॅम पुरते का, हेही लगेच दिसते. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ आधीच उतरवून न्यावी आणि तिचे मधले एखादे पान उघडावे. मग कॅमेरा, दीक्षा (सरकारी अभ्यासाचे अ‍ॅप), गॅलरी, कॅल्क्युलेटर आणि एखादा साठवलेला व्हिडिओ असे एकामागून एक उघडून परत पुस्तकावर यावे. पान जसेच्या तसे समोर आले तर ठीक. पुस्तक पहिल्यापासून उघडू लागले तर रॅम कमी पडते.

कोकणात काही गोष्टी जास्तीच्या तपासाव्या लागतात आणि त्या पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत सापडत नाहीत. दुकानात एसी असतो, आपल्या ओटीवर नसतो. वैशाखात आणि ऑक्टोबर हीटमध्ये घामट हवेत टॅब तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून 20 मिनिटे व्हिडिओ शूटिंग चालू ठेवून मग पट्टीची चाचणी पुन्हा करावी. रेघेतले अंतर आधीच्या दीडपट झाले तर तो टॅब मे महिन्यात कामाचा नाही. दुसरे म्हणजे ओली बोटे. टचची काच बोटामुळे होणारा विद्युतभारातला बदल ओळखते आणि पाण्याचा थेंबही तोच बदल घडवतो. बंदरावर मासळीच्या नोंदी ठेवणाऱ्याने, होमस्टेच्या स्वयंपाकघरात टॅब वापरणाऱ्याने दुकानदाराला विचारून काचेवर दोन थेंब टाकून बघावेत. टच आपोआप चालू लागला आणि पुसल्यावरही लगेच ताळ्यावर आला नाही, तर पावसाळ्याचे चार महिने डोकेदुखी ठरलेली.

तिसरी गोष्ट चार्जरची. सोबतचा चार्जर लावून, टॅब चार्ज होत असताना, पट्टीच्या कडेने बोट फिरवत अगदी सावकाश तिरकी रेघ ओढावी. हलक्या चार्जरचा विद्युत गोंगाट टचमध्ये शिरतो. मग रेघ थरथरते, मध्येच तुटते किंवा भलतीकडे ठिपका पडतो. चार्जर काढल्यावर रेघ सरळ आली तर दोष चार्जरचा. चार्जर काढूनही ती नागमोडी येत असेल तर काचेखालचे टच पॅनेलच हलक्या दर्जाचे आहे. घरात टच बिघडला म्हणून दुरुस्तीला आणलेले टॅब कधी कधी नुसता चार्जर बदलून बरे होतात. दुकानदार भेट म्हणून जाड टेम्पर्ड ग्लास लावून देतो, तीही चाचण्या झाल्यावरच लावून घ्यावी आणि लावल्यावर कडेकडेने बोट फिरवून बघावे.

घरच्या खरेदीत एक टॅब फसतो, शाळांच्या खरेदीत पन्नास-पन्नास फसतात. ग्रामपंचायतीचा निधी असो, माजी विद्यार्थ्यांची देणगी असो, मागणीपत्रात इंच, रॅम आणि किंमत एवढेच लिहिलेले असते. केंद्र सरकारने 5 ऑक्टोबर 2011 रोजी आणलेला ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब आठवावा. किंमत अडीच हजारांच्या आत बसवताना त्यात 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि दाब दिल्यावरच दाद देणारी रेझिस्टिव्ह स्क्रीन आली. पुढच्या वर्षी ‘आकाश 2’मध्ये स्क्रीन आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागले. तेव्हा मागणीपत्रात तीन अटी घालाव्यात: टिचकीचा सरासरी उशीर 100 मिलिसेकंदांच्या आत, स्टोरेज यूएफएस, आणि पुरवठादाराने आधी दिलेला नमुना समितीसमोर तपासायचा. माल आल्यावर गठ्ठ्यातले कुठलेही दोन खोके फोडून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. नमुना एक आणि माल दुसरा, हा प्रकार नवा नाही.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी टॅब हातात पडताच मत बनवू नये. पहिल्या दिवशी अ‍ॅपचे अपडेट पाठीमागे चालू असतात आणि चांगला टॅबही जड वाटतो. रात्रभर वाय-फायवर चार्जिंगला ठेवून दुसऱ्या दिवशी सगळ्या चाचण्या कराव्यात आणि व्हिडिओ जपून ठेवावा. बदलून देण्याची मुदत पुष्कळदा सातच दिवसांची असते. दुकानातून घेतल्यास बिलावर नुसते मॉडेलचे नाव नको, रॅम आणि स्टोरेजही लिहून घ्यावे.

आपल्या पुरवणीत टॅबची तुलना छापताना किमतीशेजारी टिचकीच्या उशिराचा एक रकाना वाढवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
चिपळूण