आमच्या डावखुरीच्या प्रशिक्षक काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हंगाम संपला, पण आपले आभार नीट मानायचे राहून गेले ही रुखरुख मनातून जात नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. मध्य न्यू जर्सीतल्या आपल्या लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांसाठीच्या बेसबॉल संघटनेच्या, संघात माझी दहा वर्षांची मुलगी यंदा बेसबॉल खेळली. ‘खेळली’ असे मुद्दाम लिहिते, कारण त्याआधी ती एका खासगी ट्रॅव्हल टीममध्ये होती आणि तिथे तिचा बहुतेक वेळ बाकावर गेला. भरभक्कम शुल्क, पाठीवर नाव छापलेला गणवेश, शनिवार-रविवारची दूरदूरची मैदाने, एवढे सगळे झाल्यावर आम्हाला ऐकवण्यात आले की हिच्या हातात जोर नाही, मुलींना सॉफ्टबॉलच (बेसबॉलसारखाच, पण मोठ्या चेंडूचा खेळ) बरा. त्या संघाचे नाव घेण्याची मला इच्छा नाही.

ज्या हातात जोर नव्हता तो तिचा फेकीचा हातच नव्हता. ती डावखुरी आहे. साहित्याच्या पिशवीतून जो ग्लव्ह तिला देण्यात आला तो डाव्या हातात घालायचा होता; ग्लव्हच्या हाताने चेंडू झेलायचा आणि मोकळ्या हाताने फेकायचा असतो, त्यामुळे बिचारी उजव्या हाताने चेंडू फेकत राहिली. आम्ही घरचे क्रिकेटवाले. ग्लव्ह कोणत्या हाताचा, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. पण ज्यांचा तो धंदाच आहे, त्यांना तरी पडायला हवा होता.

आपल्याला तो पहिल्याच सरावाला पडला. हजेरीच्या कागदावर नाव लिहिताना तिने पेन डाव्या हातात धरले, एवढेच आपण पाहिले आणि काही न बोलता गाडीकडे गेलात. परत आलात ते आपल्या मुलाचा जुना, उजव्या हातात घालायचा ग्लव्ह घेऊन. तो तिला सैल होत होता. आपण डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, तिच्या शेजारी बसून मनगटाजवळची चामडी वादी सोडली, पुन्हा ओवली, ओढून गाठ मारली आणि दर वेळी तिला म्हणालात, ‘मूठ मीट, आता उघड.’ बाकीच्या मुलांना यातले काही कळले नाही, कुणी हसले नाही. घरी आजीकडून ‘उजव्या हाताने जेव’ असे ऐकत वाढलेल्या या मुलीला, तिचा डावा हात आहे तसाच चालेल असे कुणीतरी प्रथमच दाखवून दिले होते. यानंतर आपण तिच्यासाठी पुष्कळ केले, पण माझ्या मनात घर करून राहिली ती ही पाच-दहा मिनिटे.

पुढे आपण तिला पहिल्या बेसवर, म्हणजे फलंदाजाने धावत आधी गाठायच्या थांब्यावर, क्षेत्ररक्षणाला उभे केले. डावखुऱ्याचा ग्लव्ह तिथे आपसूक मैदानाच्या आतल्या बाजूला येतो, हे मला आपण समजावल्यावर कळले. सॉफ्टबॉलचा तो शेरा तिने आपल्याला सांगितला, तेव्हा आपण तिला होबोकेनच्या मारिया पेपेची हकिगत सांगितली. 1972 साली ती मुलांच्या संघातून तीन सामने खेळली आणि मग वरून दबाव आल्याने तिला संघ सोडावा लागला. प्रकरण न्यायासनापुढे गेले, 1974 मध्ये लिटल लीगची दारे मुलींना उघडली, पण तोवर तिचे स्वतःचे वय उलटून गेले होते. आपल्याच राज्यातली ही गोष्ट ऐकल्यापासून सॉफ्टबॉलचा विषय आमच्या घरात निघालेला नाही.

प्रत्येक मुलाला सामन्यात किमान एकदा फलंदाजी आणि प्रतिस्पर्ध्यांचे सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण मिळालेच पाहिजे, दहा वर्षांच्या पिचरने (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याने) दिवसाला 75 हून अधिक फेकी करू नयेत, हे लिटल लीगचे नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. कोवळ्या कोपरांची आणि कोवळ्या मनांची काळजी त्यात आहे. तरीही नियमापुरती सहा बादांची मोजणी करून मुलाला पुन्हा बाकावर बसवणारे प्रशिक्षकही असतात. आपण मात्र सामना हातातून निसटत असतानाही नवख्या मुलाला मैदानातून काढले नाही, आणि त्याचा झेल सुटला तेव्हा कुंपणाबाहेरून ओरडणाऱ्या एका पालकांना शांतपणे जाऊन सांगितले की हरकत माझ्याकडे नोंदवा, मुलाकडे नको. आमच्या वस्तीतली ही मुले वेगवेगळ्या शाळांत जातात, घरी वेगवेगळ्या भाषा बोलतात; आता ती संध्याकाळी एकमेकांची दारे वाजवतात. ऑफिसातून थेट मैदानावर येऊन, एक डॉलरही न घेता, स्वतः चुन्याच्या रेषा मारणारी आपल्यासारखी माणसे आहेत म्हणूनच हे चालते. सौजन्य इतके निमूटपणे वावरत असते की त्याची पावती द्यायचे राहून जाते, आणि तक्रारी मात्र आपण सगळे तत्परतेने लिहितो.

पुढच्या हंगामात रेषा मारायला मी येईन. चुन्याचे यंत्र कसे चालवायचे ते तेवढे शिकवा. डावखुऱ्यांचे दोन लहान ग्लव्हही आम्ही संघाच्या पिशवीसाठी घेतले आहेत, ते नावनोंदणीच्या दिवशी आणून देते. काकूंना नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
संघातल्या डावखुरीची आई