मुक्तिनाथहून: आजीला आणूया, पण घाईघाईत नको

प्रिय आई, बाबा आणि आजी,

काल थोरोंग ला ही नेपाळमधली उंच खिंड पार करून मुक्तिनाथला उतरले. डोकं दुखत नाहीये, जेवण व्यवस्थित जातंय, फक्त गुडघ्यांनी संप पुकारलाय. ५४१६ मीटरवरून थेट ३८०० वर, म्हणजे बाबा, समुद्रापासून कळसूबाईची जेवढी उंची तेवढं जवळपास एका दिवसात उतरायचं, आणि पायाखाली सगळी घसरडी खडी.

आई, तुला २०१४ ची बातमी कोणीतरी पाठवली म्हणालीस. खरी आहे ती. ऑक्टोबर होता, ऐन सीझन, हुडहुड वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत त्याचं शेपूट इथे बर्फ घेऊन आलं, ४० च्या वर माणसं गेली. म्हणून आता खिंडीच्या अलीकडच्या मनांग गावात जो तो आधी हवामान बघतो. आम्हीही बघितलं, आकाश साफ होतं, आणि खिंडीत उशिरा वारा पिसाळतो म्हणून अंधारातच हेडटॉर्च लावून निघालो.

आता बाबा, तुमचं ते "मी एवढे गड चढलोय, मला काय होतंय". फिटनेसचा इथे फारसा संबंधच नाही हो! वर हवेचा दाब जवळपास निम्मा, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो म्हणजे लागतोच, आणि उलट फिट लोकच पळत सुटतात आणि उलट्या करत खाली येतात. ३००० मीटरच्या वर गेलं की आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त उंचीवर झोपायचं नाही, मधेमधे एक दिवस थांबायचं. मनांगला (३५४०) आम्ही असेच थांबलो, दिवसा गंगापूर्णा तलावाच्या वरपर्यंत चढून यायचं आणि झोपायला परत खाली. भरिया लोक, म्हणजे इथले हमाल, पाठीवर डोको म्हणजे मोठी टोपली आणि कपाळावर नाम्लोचा पट्टा लावून आमच्या दुप्पट ओझं नेतात पण तेही "बिस्तारै, बिस्तारै", म्हणजे हळूहळू, म्हणत. डाळभात मात्र मागाल तेवढा वाढतात, आई, तुझ्यासारखाच आग्रह.

आजी, देवळात तुझ्या नावाने हात जोडले. बैलाच्या तोंडाच्या १०८ धारा आहेत, पाणी असं गार की दोन धारांतच माझे दात वाजायला लागले, तू नुसतं डोक्यावर शिंपड. विष्णूचं देऊळ, पण पूजेला बौद्ध भिक्षुणी असतात, कोणाला काही वावगं वाटत नाही, मला तर फार आवडलं. तुझ्या देव्हाऱ्यातला शाळीग्राम याच खालच्या काली गंडकीतला. त्यात जे चक्र दिसतं ना, तो समुद्री जीव आहे, इथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता तेव्हाचा.

तर आजीला आणायचंच. पण ते पोखरा-मुक्तिनाथ दोन दिवसांत दर्शन वालं पॅकेज अजिबात घेऊ नका. पोखरा ८०० मीटरच्या आसपास आणि देऊळ ३८००, जीपने एकदम वर आलेल्या काकू इथे पायऱ्यांवर डोकं धरून बसलेल्या रोज दिसतात. आधी तातोपानीला मुक्काम करा, मग मार्फा किंवा जोमसोमला (२७०० च्या जवळपास) दोन रात्री, मार्फात सफरचंदं खा, मग सकाळी वर येऊन दर्शन आणि झोपायला परत खाली कागबेनीला. जोमसोमचं विमान सकाळचंच असतं कारण नंतर दरीत वारा सुटतो, आणि विमान रद्द झालं तरी चिडचिड करू नका बाबा, हातात एखादा दिवस जादा ठेवा. बीपीच्या गोळ्या आणि आजीला एवढ्या उंचीवर न्यावं का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, पण त्यांच्या सल्ल्यानेच.

आणि बाबा, विमानाने यायचं तर तुम्हाला पासपोर्ट नाहीतर व्होटर कार्ड लागेल, आधारवर तुमचं भागणार नाही. पासपोर्ट संपला असेल तर आत्ताच अर्ज टाका.

तुमची,
मनू