पाठ दाखवणारा पडदा

महोदय,

प्रेक्षकाला आत ओढणाऱ्या मांडणशिल्पांना ‘पोरखेळ’ म्हणणारं पत्र वाचलं. माझी २२ वर्षं सीसीटीव्हीच्या पडद्यांसमोर रात्रपाळीत गेली, म्हणून लिहितो.

ब्रूस नाउमन या अमेरिकी कलावंताने १९७० मध्ये जेमतेम खांदे मावतील असा लांबलचक बोळ उभारला. टोकाला दोन टीव्ही, एकावर एक. कॅमेरा मागे, बोळाच्या तोंडाशी, उंचावर. पडद्याकडे जावं तसतशी आपलीच पाठमोरी आकृती लहान होत जाते; खालच्या टीव्हीवर तोच बोळ, पण रिकामा!

अशाच एका मांडणीत मी शिरलो. स्वतःचं टक्कल मागून प्रथमच पाहिलं. सक्ती कुणाचीच नव्हती, तरी टोकापर्यंत गेलोच. बाहेर पडताना मान खाली घातली. इतकी वर्षं माझ्या पडद्यावरची माणसंही तशीच जायची.

— एक निवृत्त सुरक्षारक्षक