सोमवारच्या फायनलबद्दल सूचना

मंडळी, सोमवारी ८ जानेवारी २०२४ला अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल आहे, आपली मिशिगन विरुद्ध वॉशिंग्टन, ह्यूस्टनला, मॅच साडेसातला चालू होतेय पण सात वाजताच या, जेवण आधी उरकू. दोन्ही टीम १४-० (चौदाच्या चौदा मॅच जिंकलेल्या), त्यामुळे कोणी हलकं घेऊ नका. आपला डिफेन्स म्हणजे खरी ताकद, रोज बोलमध्ये (म्हणजे सेमीफायनलला) अलाबामाच्या क्यूबीला, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, सहा वेळा सॅक केलं (पास टाकायच्या आधीच पाडलं), आणि आपला रनिंग बॅक कोरम बॉल घेऊन गर्दीत घुसला की दोन जण अंगावर असतानाही पाय चालूच असतात त्याचे. पण आपला लाइनमन झिंटर पाय मोडल्यामुळे खेळणार नाही, आणि मला जास्त काळजी स्पेशल टीम्सची (किकच्या वेळी उतरणाऱ्यांची) आहे, त्याच मॅचमध्ये दोनदा पंट (समोरच्यांनी किक मारलेला बॉल) आपल्या हातातून निसटला, दुसऱ्यांदा तर शेवटच्या मिनिटात आपल्याच गोललाइनपाशी, जीव घशाशी आला होता. समोर वॉशिंग्टनचा डावखुरा क्यूबी पेनिक्स, टेक्सासविरुद्ध ४३० यार्ड फेकलेत त्याने, वेळ मिळाला की तो लांबचा पास टाकणारच, म्हणून त्याच्यावर पहिल्यापासून प्रेशर हवंच. १९९७नंतर टायटल नाही आपल्याकडे, यावेळी यायलाच पाहिजे! किती जण येताय ते रविवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, आणि निळं-पिवळं घालून या.