काका, तुम्ही बाबांना विचारलंत

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

जाताना तुम्ही बजावून गेलात, "माझं नाव कुठं टाकू नको पोरी." नाव टाकत नाही. पण तुमच्याबद्दल चार लोकांना कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुम्ही येऊन गेलात त्याला आज बारा दिवस झाले. देवघराची दोन्ही दारं शेडमध्ये भिंतीला टेकून उभी आहेत. सकाळी कुलूप काढलं की मी आधी मोराच्या मानेवरून हात फिरवते. हात कुठेच अडकत नाही. त्याआधी दोन महिने तो अडकतच होता.

कर्ज काढून सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर चालणारं कोरीवकामाचं मशीन, घेतला, कारण बाबांच्या हाताला कंप सुटला आणि पटाशी धरणं थांबलं. कोरीव देवघरांच्या ऑर्डरी मात्र थांबल्या नव्हत्या. सपाट नक्षी मशीनवर बरी निघायची. पण जिथे गोलाई आली, मोराची मान, कमळाची पाकळी, तिथे बारीक बारीक पायऱ्या दिसायच्या आणि मध्येच तूस उठायचं. मी पॉलिश पेपरनं घासून पाहिलं. पायऱ्या गेल्या, पण पिसाऱ्यावरचे डोळेही पुसले गेले. सागवानाच्या तीन फळ्या अशा वाया गेल्या.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं, त्यांना किती फोन केले ते मोजलेलं नाही. दर वेळी आधी बिल नंबर विचारायचे आणि शेवटी म्हणायचे, "मॅडम, तुमचं लाकूड हलकं असेल." हे फार लागलं. ते लाकूड बाबांनी नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या बाजारात, अर्धा दिवस फिरून, एकेक फळी उन्हात धरून निवडलेलं होतं. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं. त्या मुलखातल्या लाकडाला हलकं म्हणणाऱ्यानं आमची फळी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. मग आणखी एक जण आले. उभ्या उभ्या "स्पीड कमी करा" म्हणाले आणि अडीच हजार घेऊन गेले. मी फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, कमी केला, तर पायऱ्या तशाच राहिल्या आणि वर लाकडावर काळे डाग पडायला लागले.

तुम्ही लकडगंजातल्या ओळखीवर आलात. भर मे महिन्यात, दुपारी, हिंगण्याहून स्कूटरवर. आयुष्यभर टूलरूममध्ये लोखंड कापलेला माणूस लाकडाचं काय सांगणार, असं मला वाटलं होतं. तुम्ही मशीनला हातही लावला नाहीत. खाली वाकून जमिनीवरचा भुसा चिमटीत घेतलात, बोटांनी चोळलात आणि म्हणालात, "हा भुसा होय पोरी. कीस पडाले पाह्यजे." दोन महिन्यांत हे एवढं एक वाक्य कोणी सांगितलं नव्हतं. टूल कापतच नव्हतं, नुसतं घासत होतं. मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारं दोन धारांचं टूल मी मिनिटाला ६०० मिलिमीटरनं पुढे चालवत होते. तुम्ही ते १८०० केलंत, म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला मिलिमीटरचे पाच शतांश आले. डाग गेले. टूल पकडून ठेवणाऱ्या कोलेटमध्ये साचलेला चिकटा काढलात. सागवानातल्या सिलिकानं धार लवकर मरते, म्हणून शेवटच्या हाताचं कार्बाइडचं टूल वेगळं ठेवायला लावलंत. आणि पायऱ्यांचं गणित वाया गेलेल्या फळीच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलंत. सहा मिलिमीटरच्या बॉलनोजचं, म्हणजे गोल टोकाच्या टूलचं, पाऊल (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) दीड मिलिमीटरवरून अर्ध्या मिलिमीटरवर आणलं, तर वेळ तिप्पट लागतो, पण मध्ये उरणारा कंगोरा नवव्या हिश्शाएवढाच राहतो. ती फळी मी खिळा ठोकून भिंतीवर लावली आहे.

पण काका, हे पत्र त्या आकड्यांसाठी नाही.

तूस अजून उठत होतंच. तुम्ही स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिलात. मग खुर्ची वळवलीत आणि कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेल्या बाबांना विचारलंत, "भाऊ, तुम्ही असते तं इथं पटाशी कोण्या बाजूनं चालवली असती?"

मशीन आल्यापासून बाबा शेडमध्ये येऊन बसायचे, पण मशीनजवळ यायचे नाहीत. त्यांना कोणी काही विचारतही नव्हतं. मीसुद्धा नाही. हे लिहिताना माझा हात थांबतो आहे. पन्नास वर्षं ज्यांनी लाकडाची नस ओळखली, ते माझ्यापासून दहा फुटांवर बसलेले होते, आणि मी फोनवर परक्या माणसांची मिनतवारी करत होते.

बाबा उठले. फळीवर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, तुम्ही ते पाहिलंत आणि नजर लाकडावरच ठेवलीत. "शिरेवरून खाली. दोन्हीकडं उतारानंच. चढानं गेलं तं रेषा उलटतात, तूस उठते." तुम्ही म्हणालात, "बस, हेच पाह्यजे होतं." मग तुम्ही मानेचे दोन भाग केलेत, टूल दोन्हीकडे फक्त उतारानं कापत जाईल आणि परत येताना वर उचललं जाईल असा पाथ, म्हणजे टूलची वाट, मला करायला लावलात. एका मोराला साडेतीन तास लागले. तुम्ही पूर्ण वेळ थांबलात. मशीन बंद झालं तेव्हा मी पुढे होत होते, तर तुम्ही मला हातानं अडवलंत आणि बाबांना म्हणालात, "पहिले तुम्ही पाहा."

त्यांनी डोळे मिटून तळवा फिरवला. बोलले काहीच नाहीत. त्या रात्री मात्र जेवताना पिसाऱ्याचा पाथ कसा घ्यायचा ते मला सांगत बसले, आणि आता रोज सांगतात. परवा स्टूल मशीनच्या बाजूला ओढून घेतलं.

हुशार माणसं पुष्कळ भेटली, काका. त्यांना मशीन माहीत होतं, नियम माहीत होते. खोलीत आणखी कोण बसलंय हे पाहणारे तुम्ही एकटेच. अशा माणसाच्या नुसत्या येण्यानं घराचा श्वास मोकळा होतो, आणि तुम्ही पैसे तर घेतले नाहीतच, पेट्रोलचेही नाही.

दारं पुढच्या रविवारी ग्राहकाच्या घरी बसणार आहेत. अजून तेल लावलेलं नाही. मी दोनदा डबा उघडला, बाबांनी दोनदा बंद केला. पहिला हात तुम्ही फिरवायचा, असं त्यांचं म्हणणं आहे. शनिवारी या. ऊन उतरल्यावर निघा, आम्ही थांबतो.

तुमची,
खाटेवरच्या भाऊंची मुलगी