मासिकातल्या जुन्या अद्भुत कथा रद्दीत जायच्या आधी पुस्तकात आणा

संपादक साहेब, स. न.

आमच्या इथल्या एका वाचनालयाने मागच्या महिन्यात 'नवल' आणि इतर मासिकांचे जुने अंक किलोच्या भावाने रद्दीत काढले. मला कळलं तोपर्यंत टेम्पो निघून गेला होता. फार वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे फोर्टच्या फूटपाथवर घेतलेलं 'स्वोर्ड्स अँड सॉर्सरी' नावाचं एक इंग्लिश पॉकेटबुक आहे, १९६३ चं, स्प्रेग द कॅम्पने त्यात आठ लेखकांच्या आठ कथा निवडल्यात, तलवारी, चेटूक, शापित किल्ले असं सगळं. यातल्या बऱ्याच कथा आधी 'वीअर्ड टेल्स'सारख्या पल्प मासिकांत आलेल्या, आणि पल्प म्हणजे लाकडाच्या लगद्याचा अगदी स्वस्त कागद, त्यात ॲसिड असतं त्यामुळे तो पिवळा पडतो आणि पुढे हातात चुरा होतो. म्हणजे ती मासिकं संपणारच होती. त्यातल्याच एका लेखकाचा, रॉबर्ट हॉवर्डचा, कोनन हा योद्धा नायक आज जगभर माहितीये पण हॉवर्ड १९३६ मध्ये ३० व्या वर्षी गेला तेव्हा त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं, सगळं मासिकांतच पडलेलं!

याच पुस्तकात सी. एल. मूर या लेखिकेची 'हेल्सगार्ड' ही कथा आहे, माझी सगळ्यात आवडती. मूरची जिरेल ही तलवार चालवणारी नायिका १९३४ मध्ये पहिल्यांदा आली, विचार करा, १९३४. लेखिका बाई आहे हे लपवायला नुसती आद्याक्षरं लावली असं लोक सांगतात, पण खरं कारण वेगळं होतं, ती बँकेत नोकरीला होती आणि कथा लिहून पैसे मिळतात हे तिथे कळायला नको होतं.

नंतर लिन कार्टर या संपादकाने बॅलंटाइन प्रकाशनासाठी १९६९ ते १९७४ मध्ये अशी बरीच पुस्तकं काढली, कव्हरवर युनिकॉर्नचं छोटं डोकं असायचं. त्याच्या 'ड्रॅगन्स, एल्व्ह्ज अँड हिरोज'मध्ये बेओवुल्फ, कालेवाला, शाहनामा अशा इंग्लिश, फिनिश, इराणी महाकाव्यांतलं सगळं शेजारी शेजारी आहे. आणि प्रत्येक कथेच्या आधी लेखक कोण, कथा कुठली हे तो इतकं प्रेमाने सांगतो की मी कितीतरी लेखक त्या पानभर मजकुरामुळेच शोधून वाचले.

मराठीत हे का होत नाही? अनंत अंतरकरांनी 'नवल' काढलं, अद्भुत आणि भयकथांना हक्काची जागा दिली. नारायण धारपांची पुस्तकं आज दुकानात मिळतात, छानच आहे, पण ज्यांनी मासिकांत दोन-चारच कथा लिहिल्या, पुस्तक कधी निघालंच नाही, त्यांचं काय? त्या कथा फक्त त्या अंकात आहेत आणि अंक रद्दीत चाललेत.

माझी विनंती आहे की कोणीतरी प्रकाशकाने वारसांची परवानगी घेऊन असे दोन-तीन खंड काढावेत. प्रत्येक कथेखाली अंक, महिना, वर्ष द्या आणि आधी लेखकाची ओळख द्या, नुसत्या कथा छापून सोडू नका. तुम्ही पुरवणीत थोडी जागा दिलीत तर वाचक आपापल्या माळ्यावरचे अंक कळवतील. माझ्याकडे सतरा अंक आहेत, त्यातल्या कथांची यादी करायला घेतलीये, झाली की पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली